पंधरवड्याला एक हात

आमच्या विहिरीला मी एकदा मरणाची तारीख काढून दिली होती. अंगात आलं म्हणून नाही, गणित करून. दहा आकडे, चार रकाने, खाली बेरजा, आणि तळाशी लाल शाईने दोनदा अधोरेखित केलेलं उत्तर. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. नात ती चाळते आणि म्हणते, "आजी, एवढं सगळं हाताने? आता नुसतं बटण दाबलं की रेषा येते." मी म्हणते, बाई, त्या वेळी बटण असतं तर बरं झालं असतं. बटण दाबून कोणाला एवढा माज चढत नाही.

नव्वदीची मधली वर्षं असतील. मी अडतीसची, दोन मुलांची आई. निफाडच्या पुढे आत एका गावात आमची द्राक्षबाग. लग्नामुळे बी.कॉम. अर्धं राहिलं होतं, ते पूर्ण करायचं मी ठरवलं आणि दर शनिवार-रविवार एसटीने नाशिकला वर्गाला जायला लागले. वर्गात सगळी विशीतली पोरं. मी एकटी काठापदराची. सगळे मला काकू म्हणायचे, शिकवणाऱ्या मॅडमसुद्धा. मी पहिल्या बाकावर बसायचे, हे वेगळं सांगायला नको. एका पिशवीत जेवणाचा डबा, दुसऱ्या पिशवीत पट्टी, दोन रंगांची पेनं आणि रकाने आखलेले ताव. उत्तर येण्याआधी मी त्याच्याखाली रेघ मारायला तयार असायचे.

संख्याशास्त्रात सरासरी झाली, मध्यक झाला, आणि जानेवारीत रिग्रेशन आलं. पुस्तकात त्याला समाश्रयण म्हटलं होतं, पण तो शब्द मॅडमसुद्धा एकदाच उच्चारून सोडून द्यायच्या. त्यांनी फळ्यावर पाऊस आणि बाजरीचं उदाहरण घेतलं. ठिपके काढले, आणि त्या विखुरलेल्या ठिपक्यांमधून एक सरळ रेषा ओढली. "सगळ्यांपासून कमीत कमी लांब राहणारी अशी एकच रेषा असते," त्या म्हणाल्या. "ती मिळाली की पुढचंही सांगता येतं. पण रेषेला कशामुळे काय झालं ते कळत नाही हं. ते तुम्हाला कळायला हवं."

मी वहीत पहिली दोन वाक्यं उतरवून घेतली. पुढची दोन परीक्षेत येणार नाहीत असं मला वाटलं.

आता घरचं सांगते. माझ्या सासऱ्यांना सगळं गाव दादा म्हणायचं, मीही तेच म्हणायचे. सत्तरीला आलेले, उंच, काटक. दर अमावास्येला आणि दर पौर्णिमेला सकाळी, मोटार चालू करायच्या आधी, दादा विहिरीचं पाणी किती खाली गेलं ते मोजायचे. दोराच्या टोकाला एक पितळी गडवा बांधलेला असायचा. तो खाली सोडायचा. गडवा पाण्याला टेकला की आतून एक आवाज यायचा, कोणी ओठ मिटावेत तसा. मग दोर कठड्यापाशी चिमटीत धरायचा, वर ओढून घ्यायचा आणि दोन्ही हात पसरून छातीवरून मोजायचा. या बोटांपासून त्या बोटांपर्यंत एक वाव, म्हणजे चार हात. दादांचा वाव बरोबर सहा फुटांचा भरायचा. आकडा मोटारीच्या खोलीत भिंतीवर खडूने लिहायचे.

नवी सून असताना मी विचारलं होतं, "दादा, दोराला गाठी का नाही मारून ठेवत? दर वेळी मोजायला नको."

"दोर भिजला की आखडतो, वाळला की ढिला पडतो," दादा म्हणाले होते. "माणसाचा हात तसा नसतो."

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता आणि घरात सगळ्यांच्या तोंडी विहीरच होती. मी रिग्रेशन शिकून आलेली. माझ्या हातात हातोडी होती आणि समोर खिळा दिसला. मोटारीच्या खोलीत जाऊन मी भिंतीवरचे आकडे उतरवून घेतले. कोजागरीला सोळा हात. दिवाळीच्या अमावास्येला सोळा. मग सतरा, अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, बावीस, तेवीस, आणि माघातल्या अमावास्येला एकदम पंचवीस.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर ताव पसरून मी रकाने आखले. पहिल्यात तिथीचा क्रमांक, एक ते दहा. दुसऱ्यात हात. तिसऱ्यात दोन्हींचा गुणाकार, चौथ्यात पहिल्याचा वर्ग. बेरजा आल्या पंचावन्न, एकशे सत्त्याण्णव, अकराशे सहासष्ट, तीनशे पंच्याऐंशी. सूत्रात घातल्या. अंशात आठशे पंचवीस उरले. छेद काढला, तोही आठशे पंचवीस. उत्तर एक. एक पूर्णांक काही नाही, नुसता एक. दर पंधरवड्याला विहीर बरोबर एक हात खाली जात होती.

मी ते दोनदा तपासलं आणि दोन्ही वेळा माझ्या अंगावर काटा आला. तो भीतीचा होता असं आज म्हणायला आवडेल. पण तो कौतुकाचा होता, आणि कौतुक माझं स्वतःचं.

पुढचं सोपं होतं. मोटारीच्या पाइपचं तोंड पाण्यात तीस हातांवर. पाणी त्याच्या खाली गेलं की मोटार नुसती हवा ओढणार. रेषा पुढे नेली. पंधरा पूर्णांक आठ. सोळावी तिथी म्हणजे वैशाखातली अमावास्या, त्याच्या दोन-तीन दिवस आधी. लाल पेन उघडलं आणि रेघ मारली. मग अजून एक.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा मी भाकरी वाढता वाढता सांगितलं, "वैशाखातल्या अमावास्येच्या आधी विहीर आटणार."

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांना आम्ही आई म्हणायचो. त्यांनी मान वर केली. "कुणी सांगितलं?"

"गणितानं."

"गणिताला वळवाचा पाऊस ठावं हाय का?"

"पावसाचा संबंध नाही, आई. रेषा आहे ती."

"रेषा कपाळावर आसती. वहीत नाय."

आमचे हे जेवायचे थांबले होते. "खात्रीने सांगतेस?"

"आकडे माझे नाहीत. दादांचेच आहेत," मी म्हणाले.

सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. दादा ताटाकडे बघत होते. भाकरीचा तुकडा त्यांच्या बोटांत बराच वेळ होता. "आकडे माझे हायत," ते म्हणाले. "मंग बराबर आसंल."

झालं. आमच्या दोन बागा होत्या, वरची आणि खालची. द्राक्षाचा माल निघाला की चैत्रात छाटणी होते आणि नवी फूट येते. त्या फुटीला वैशाखात पाणी मिळालं नाही तर ती जळते, आणि पुढच्या वर्षीचा माल तिच्याबरोबर जातो. एका विहिरीवर दोन्ही जगणार नसतील तर एक काढायची. वरची बाग नवी होती. खालची दादांनी माझं लग्न झालं त्या वर्षी स्वतः खड्डे घेऊन लावलेली. ह्यांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं, "खालची तोडू. पाडवा झाला की माणसं बोलावतो." दादांनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती हलली, ते मी बघितलं नाही. मी परीक्षेचा अर्ज भरत होते.

गावात बातमी गेली. शेजारच्या मळ्यातले भाऊजी दारात येऊन उभे राहिले. "वहिनी, आमच्या इहिरीचं बी बघा की जरा."

"दहा आकडे आणा. दहाच्या खाली मी बघत नाही," मी म्हणाले. कुडमुड्या जोशी निदान हात तरी बघतो. मी तेवढंही करत नव्हते.

आणि घरात दादा बदलत चालले होते. चालताना त्यांचा डावा हात हलेनासा झाला, अंगाला चिकटून राहायचा. चेहरा असा झाला होता की हसले की रागावले ते कळू नये. मुलं काही गमतीचं सांगायची, दादा ऐकायचे, आणि तोंडावरची एक रेघ हलायची नाही. चहाचा कप बशीत ठेवताना वाजायचा. मोटारीच्या खोलीतला आकडाही लहान होत गेला होता. कोजागरीचा सोळा वीतभर, संक्रांतीच्या सुमाराचा बोटभर, आणि माघातला पंचवीस वाचायला मला भिंतीला नाक लावावं लागलं होतं.

"खडू वाचवताय का दादा?" मी विचारलं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खडू खिशात टाकला. मी समजले, खालच्या बागेचं मनाला लागलंय. घरात सगळेच तसं समजत होते. ज्याच्या त्याच्या मनात माझी रेषा बसली होती आणि जे दिसेल ते तिच्यावर नेऊन ठेवायचं एवढंच काम उरलं होतं.

शनिवारी मी वही मॅडमना दाखवायला नेली. शाबासकी घ्यायला, दुसरं काही नाही. मॅडम माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यांनी बेरजा तपासल्या आणि कपाळाला आठी घातली.

"काकू, हे कुठल्या पुस्तकातून घेतलं?"

"पुस्तकातून नाही. आमची विहीर आहे."

"उत्तर फार स्वच्छ आलंय," त्या म्हणाल्या. "आणि शेवटी शेवटी आकडे जोरात वाढतायत. पाणी मोजलं कशानं?"

"हातांनी. आमच्याकडे तशीच पद्धत आहे."

"कोणाच्या हातांनी?"

"सासऱ्यांच्या. चाळीस वर्षं तेच मोजतात. सत्तरीला आलेत, पण एक दिवस चुकवला नाही."

पेनाचं टोपण मॅडमनी दुसऱ्या रकान्यावर टेकवलं. "इथे काय लिहिलंय तुम्ही?"

"पाणी."

"पाणी नाही, काकू. दोर आणि हात. एकदा टेपने मोजा आणि मग या."

मी एसटीत निफाडपर्यंत त्यांच्यावर चिडून बसले होते. लग्न न झालेली पोरगी, तिला विहिरीतलं काय कळतं, हे माझे त्या वेळचे विचार. लिहिताना लाज वाटते, पण लाज वाटते म्हणूनच लिहिते आहे.

सोमवारी दुपारी विहिरीवर कोणी नव्हतं. आईंच्या शिवणाच्या डब्यातली टेप मी पदराखाली घेऊन गेले, चोरासारखी. गडवा खाली सोडला. आत बघितलं तर माझं डोकं तेवढं खाली पाण्यात काळं दिसत होतं, आणि गडवा त्यालाच जाऊन टेकला. दोर चिमटीत धरला, वर ओढला, चिमटीच्या जागी गाठ मारली आणि जमिनीवर पसरला. टेप पाच फुटांची. एक, दोन, तीन. सहाव्या टेपला गाठ आली. तीस फूट.

दादांचे पंचवीस हात म्हणजे साडेसदतीस फूट व्हायला हवे होते. मी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदाही मोजलं. तीसच. अमावास्या होऊन आठवडा उलटला होता. एवढ्यात पाणी वर येणं शक्य नव्हतं, आणि साडेसात फूट तर नाहीच.

मग मी पळत सुटले. टेप गळ्यात शिंप्यासारखी, दोर खांद्यावर, गडवा मागे दगडांवर आपटत. विहीर आटणार नव्हती. खालची बाग तोडायची गरज नव्हती. आणि त्यावर कडी म्हणजे दादा चुकले होते. शिकलेल्या सुनेला सासऱ्यांना तोंडावर चुकलात म्हणायची संधी जन्मात किती वेळा येते? मी ती वाटेत तीनदा म्हणून बघितली.

अंगणात सगळे होते. दादा बाजेवर, आई धान्य पाखडत, हे फवारणीचा पंप धूत. मी दोर टाकला. "दादा, तुम्ही मोजण्यात चुकलात. पाणी तीस फुटांवरच आहे. मी टेपने मोजलं. हा बघा दोर, गाठ मारलीये. मोजून दाखवा बरं."

"अगं," हे म्हणाले.

पण दादा उठले होते. त्यांनी दोराचं टोक उजव्या हातात घेतलं आणि हात पसरले. उजवा गेला पूर्ण. डावा कोपरात थोडा उघडला आणि तिथेच थांबला. दादांना मात्र तो पूर्ण उघडल्यासारखाच वाटत होता. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "एक."

दोन. तीन. आईंचं सूप हातात तसंच राहिलं होतं. चार. पाच वावांत दोर संपायला हवा होता. दादा मोजत राहिले. सहा वाव झाले आणि वर एक हात उरला.

"पंचवीस," दादा म्हणाले. "बराबर हाय की."

मला गणित मांडायची गरज नव्हती. ते अंगणात उभं होतं, दोर धरून. दहा तिथ्या मी ज्याचं खाली जाणं मांडलं होतं, त्यात पाण्याचा वाटा निम्मा होता. उरलेला निम्मा दादांचा होता.

"सदऱ्याच्या गुंड्या संक्रांतीपासनं मीच लावती," आई हळू आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं, इहिरीचा घोर लागलाय."

ह्यांनी पुढे होऊन दादांच्या हातातून दोर घेतला. दादांनी आधी दोराकडे, मग स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो हात अजून अर्धा वरच होता. ते सगळं त्यांना किती वेळात कळलं ते मला सांगता येणार नाही. मग ते म्हणाले, "म्हंजी पाणी हाय."

"आहे, दादा."

"मंग खालची बाग ऱ्हाऊ द्या."

नाशिकच्या डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, कागदावर नाव लिहायला लावलं, आणि कंपवात आहे म्हणून सांगितलं. हे म्हणाले, हात तर कापत नाहीत. डॉक्टर म्हणाले, काहींना आधी ताठरपणा येतो, अक्षर बारीक होतं, हात पुरते उघडत नाहीत. घरच्यांच्या लक्षात येत नाही.

खालची बाग राहिली. त्या वैशाखात विहिरीला पाणी होतं. मी परीक्षा दिली. रिग्रेशनचं गणित आलं आणि मला पैकीच्या पैकी पडले.

इथे थांबले असते तर मी शहाणी झाले असं वाटलं असतं. पण परीक्षेआधी, एका दुपारी, मी त्याच वहीचं शेवटचं पान काढलं. दोर किती फूट होता ते आता माहीत होतं, वाव किती मोजले तेही. म्हणजे दादांचा वाव किती फुटांवरून किती फुटांवर आला ते निघत होतं. सहावरून चार पूर्णांक आठ. मी ती रेषा पुढे नेली. शून्यापर्यंत. माणसाचे हात शून्य लांबीचे होतात म्हणजे काय होतं, हे मी स्वतःला विचारलं नाही. मेल्यावरसुद्धा होत नाहीत. पण उत्तर आलं. पुढच्या वर्षीची श्रावणातली अमावास्या. मी लिहिलं 'पोळा' आणि हाताला सवय होती म्हणून त्याच्याखाली लाल रेघ मारली. मग घाबरून वही तांदळाच्या डब्यामागे ठेवली.

दीड वर्ष मी ती तारीख सांभाळली. दादांची पावलं लहान होत गेली. बोलणं पुटपुटल्यासारखं झालं. मी औषधं वेळेवर द्यायचे आणि मनात तिथ्या मोजायचे. इतकी सेवा केली मी त्या दीड वर्षात की गावात माझं नाव झालं. सेवा कशाची, पहारा होता.

पोळ्याच्या दिवशी बैल धुतले, शिंगं रंगवली. दादा बाजेवर बसून बघत होते. मी सकाळपासून दर थोड्या वेळाने बाहेर यायचे. पाणी हवं का, चहा हवा का, उशी देऊ का.

"आज लय फेऱ्या मारतीस," दादा म्हणाले.

"सणाचा दिवस आहे, दादा."

ऊन उतरलं. वेशीकडे पोळा फुटल्याचा वाजंत्रीचा आवाज आला, बैल गेले, अंगण रिकामं झालं. आई घरात पुरण वाटत होत्या. दादांनी मला जवळ बोलावलं. त्यांचं बोलणं कळायला खाली वाकावं लागायचं.

"झाली का तुझी तारीख?"

"कसली?"

"वहीतली. शेवटचं पान."

मी पदराने हात पुसायला लागले.

"सातवी शिकल्यालो हाय मी," दादा म्हणाले. "पोळा लिवल्यालं वाचता येतं. तांदळाच्या डब्यामागं ठिवतीस, आन् म्हाताऱ्याला घरात दुसरा उद्योग काय?"

"कधी वाचलंत?"

"तू लिवलंस तवाच."

म्हणजे पहिल्यापासून. दीड वर्ष तो माणूस मी लिहिलेल्या अमावास्येकडे चालत होता, दिवसाला एवढी एवढी पावलं टाकत, आणि मी त्याला त्याच हाताने चहा देत होते. मी पाय धरायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले. ते तरी लवकर हलले.

"आमुश्या हाय," ते म्हणाले. "सकाळधरनं इहीर कुणी मोजली का? दोर आण."

विहिरीपर्यंत आम्ही किती वेळात गेलो ते विचारू नका. मी गडवा सोडला. ओठ मिटल्याचा आवाज आला. दोर ओढला आणि हात पसरले. दादा कठड्याला टेकून मोजत होते. मी पुरते हात पसरते की नाही, ते डोळ्यांत तेल घालून बघत होते. "डावा. डावा अजून," ते म्हणाले.

दादा त्यानंतर पाच वर्षं जगले. माझ्या कुठल्याच रेषेवर बसले नाहीत.

खालची बाग पुढे आम्हीच काढून दुसरी लावली, विहीर आहे तिथेच आहे, आणि दर अमावास्या-पौर्णिमेला मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी दोन्हींनी मोजते. आधी टेपने, विहिरीसाठी. मग हातांनी. माझा वाव पाच फूट दोन इंच, हे मी पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून ठेवलंय. वर्षानुवर्षं दोन्ही आकडे जुळत आले.

गेल्या तीन वेळा जुळलेले नाहीत; हातांचा जास्त येतो. नातीला मी सांगितलं, पाणी खाली गेलंय. भिंतीवर टेपचाच आकडा लिहिते आणि दुसरा मनात ठेवते. दहा आकड्यांच्या खाली मी बघत नाही. अजून सात व्हायचे आहेत.